मीठखाऊ? मीठ खाल्लं कुणी?

परतूरच्या एका शिक्षकांनी विचारलंय: "खाऱ्या पाण्यात राहून गंधकाच्या संयुगांचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या जिवाणूंना 'मीठखाऊ जिवाणू' म्हणावं का? मुलांच्या प्रकल्पात तसं लिहिलंय. आणि लोणार हे नाव याच मिठावरून का?"

म्हणू नये. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हापासून हा 'मीठखाऊ' कानावर आदळतोय. तो रंग हॅलोआर्किया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं होतं. ते मुळात जिवाणूच नव्हेत, आणि मीठ तेही खात नाहीत. खाऱ्यात राहणाऱ्या अशा सूक्ष्मजीवांना इंग्रजीत 'हॅलोफिल' म्हणतात; त्यातला 'फिल' म्हणजे आवड असणारा. सरळ 'लवणप्रिय' म्हणा.

तुम्ही विचारलेल्या गंधकाच्या जिवाणूंचंही तेच: मीठ ही त्यांची वस्ती आहे, जेवण नव्हे. उलट मिठाचा त्यांना जाचच असतो. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात ताटलीत पाणी सुटतं. जिवाणूच्या पेशीचंही तेच व्हायचं. म्हणून तो पेशीत एक्टोइन, ग्लायसिन बिटेन असली विरघळणारी द्रव्यं साठवून आतलं पाणी धरून ठेवतो. हे काम खर्चिक आहे. तो खर्च भागतो गंधकातून. सल्फाइडचं पार सल्फेटपर्यंत ऑक्सिडीकरण झालं की गंधकाच्या एका अणूमागे आठ इलेक्ट्रॉन सुटतात. ते टप्प्याटप्प्यानं ऑक्सिजनपर्यंत पोचवताना जिवाणू एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं द्रव्य, बनवतो आणि त्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर घडवतो. ऊन लागत नाही की तयार अन्न लागत नाही. अजैव द्रव्यावर असं जगता येतं हे विनोग्राडस्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १८८७ मध्ये बेगियाटोआ या गंधकाच्या जिवाणूवरूनच ओळखलं. कमाई एवढी चांगली असल्यामुळे थायोहॅलोस्पायरासारखे काही तर जवळजवळ संपृक्त मिठातही तग धरतात.

काही विद्वान 'गंधकश्वासी' सुचवतात. नाव भारदस्त आहे, पण उलटं. हे जिवाणू श्वास घेतात तो ऑक्सिजनचा, काही नायट्रेटचा. गंधकाच्या संयुगावर श्वास घेणारे वेगळेच: तळाच्या काळ्या गाळात बसून सल्फेटचं सल्फाइड करणारे. सडक्या अंड्याचा वास त्यांचा, आणि त्यालाच लोक 'गंधकाचा वास' म्हणतात! द्राक्षावरच्या भुरीला मारायचं गंधक हातात घेऊन हुंगा, मग बोला. मी 'गंधकोपजीवी' म्हणेन. उपजीविका ज्यावर चालते ते त्यात आलं.

आता लोणार. खरं तर बुलढाण्याचं, पण परतूर-मंठ्याच्या माणसाला ते परकं नाही. 'लवण'चं प्राकृतात 'लोण' झालं; त्यातून लोणचं आलं, भिंतीला लागणारा लोणा आला. 'अलवण'चं अळणी झालं. इथवर वाद नाही. पण गावाचं नाव लवणासुरावरून पडलं, असं अजून शिकवलं जातं. त्या असुराला मारणाऱ्या दैत्यसूदनाचं तिथलं देऊळ सुंदर आहे, जरूर बघा. व्युत्पत्ती मात्र तिथून आणू नका. गाव खारं होतं म्हणून असुराला ते नाव मिळालं, असंच मी समजतो.

दुसरा पक्ष 'लवणागार'वाल्यांचा. भांडागारचं भांडार, कोष्ठागारचं कोठार, तसं लवणागारचं लोणार, असं ते म्हणतात. ध्वनीच्या हिशेबानं चूक काढता येत नाही, आणि म्हणूनच ती मंडळी एवढी निर्धास्त असतात. पण कुंभकारचा कुंभार, सुवर्णकारचा सोनार, चर्मकारचा चांभार या ओळीत 'लवणकार' उभा करून बघा: लोणार! मीठ काढणारा. सरोवराकाठी हा धंदा होताच. सुकलेल्या काठावरून खार खरवडायचा, त्याच्या दल्ला, पापडी अशा जाती वेगळ्या करायच्या. तो खार म्हणजे बहुतेक सोडा, ताटातलं मीठ नव्हे. इथल्या काच-साबणाच्या मालाची दखल 'ऐन-ए-अकबरी'नंही घेतली आहे.

यावर ते म्हणतात, मग 'लोणारी' म्हणजे लोणारचा राहणारा. वा! सोलापूर-सांगलीकडे लोणारी समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्यात मीठ काढणारे होते, चुना भाजणारेही होते. ते सगळे काय या सरोवराकाठून उठून गेले? शब्द धंद्याचा आहे. आधी लोणारी, त्यांच्या वस्तीवरून लोणार. कोठारवाल्यांनी आधी या लोणाऱ्यांचं उत्तर द्यावं.

आणि हो, याच चर्चेत कुणी 'लोणी'ही लवणातून काढलं होतं. ते नवनीताचं.