को-इव्हॅपोरेशन सुरू करताय? आधी एमएआयची खोड ओळखा

को-इव्हॅपोरेशन म्हणजे निर्वात चेंबरमध्ये दोन पदार्थ, इथे लेड आयोडाइड आणि एमएआय, एकाच वेळी तापवून त्यांच्या वाफेतून काचेवर पेरोव्हस्काइटची (सौरघटांत वापरतात त्या पदार्थाची) पातळ फिल्म बसवणं. पवईच्या लॅबमध्ये नव्याने चेंबर हाताळायला लागलात, तर दोन्ही सोर्स (तापवायचे पदार्थ) एकदम तापवायची घाई नको. आधी एकट्या लेड आयोडाइडवर हात बसवा. ते तसं गुणी आहे: 300 अंशांच्या आसपास शांतपणे उडतं आणि रेटही (थर बसण्याचा वेगही) बऱ्यापैकी स्थिर राहतो. टूलिंग फॅक्टर (काचेवरची खरी जाडी आणि रेट मोजणाऱ्या सेन्सरवरची जाडी यांचं गुणोत्तर) मात्र फिल्मची जाडी मोजूनच काढा, जुन्या वहीतला आकडा उचलू नका.

खरी डोकेदुखी मिथाइलअमोनियम आयोडाइडची, म्हणजे एमएआयची. ते सरळ काचेकडे जात नाही. गॅससारखं चेंबरभर हिंडतं, भिंतींवरून परततं, वर लेड आयोडाइडच्या सेन्सरवरही जाऊन बसतं. म्हणून त्याच्या रेटवर डोळे मिटून विसंबू नका; क्रूसिबलचं (पदार्थ तापवायच्या भांड्याचं) तापमान आणि चेंबरचा दाब, दोन्ही धरून चला. फिल्म झाली की एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) काढाच. नेहमीच्या कॉपर क्ष-किरण सोर्सवर 14.1 अंशांजवळचं शिखर पेरोव्हस्काइटचं, 12.7 जवळचं उरलेल्या लेड आयोडाइडचं. हे दुसरं किंचित दिसलं तर घाबरू नका.

आणि आपला जुलै! चेंबर उघडा टाकून चहाला गेलात, तर भिंतीवरचा एमएआयचा थर दमट हवेतलं पाणी पितो, मग पंप कितीही चालवा, दाब उतरता उतरत नाही. व्हेंट (वायू सोडून चेंबरचा दाब बाहेरच्या हवेइतका करणं) कोरड्या नायट्रोजननेच करा, नमुने थेट ग्लोव्हबॉक्समध्ये (कोरड्या वायूच्या बंद पेटीत).

साफसफाईत कोरडं खरवडणं बंद. ती शिसं असलेली पूड आहे. मास्क, हातमोजे, ओलं कापड. आणि ते कापड साध्या कचऱ्यात नाही, घातक कचऱ्याच्या डब्यात.