वाचकांचे प्रश्न : हिवाळी हिमालय, उतार आणि हिमस्खलन

दिवाळी संपली की पुण्यातून केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास या हिमालयातल्या ट्रेकची बुकिंग सुरू होतात आणि या सदराच्या टपालातही बर्फ पडू लागतो. आलेल्या पत्रांतले चार प्रश्न घेतले आहेत.

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप वर्षभर सह्याद्रीत फिरतो. जानेवारीत स्वतःच्या जिवावर चार हजार मीटरची एक खिंड ओलांडायचा बेत आहे. यंदा बर्फ कमी आहे असं स्थानिक गाइड म्हणतो. मग हिमस्खलनाची भीतीही कमीच ना? – कोथरूड

नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडलेला बर्फाचा पातळ थर बरेचदा जास्त दगाबाज असतो. खाली जमीन शून्याच्या आसपास आणि वर निरभ्र रात्रीची उणे पंधरा-वीसची हवा. मधे बर्फ जेमतेम अर्धा मीटर. दर दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडला की आतली वाफ वर सरकते आणि तळाचा बर्फ खडीसाखरेसारखा सुटा, दाणेदार होतो. त्यावर जानेवारीत पश्चिमी विक्षोभाचा जड बर्फ बसला आणि वाऱ्याने घट्ट झाला की वरचा थर सलग पाट्यासारखा राहतो, खालचा मात्र धरून ठेवत नाही. मग एका माणसाच्या वजनानेही तो पाटा सुटतो. माणसं सापडतात त्या बहुतेक हिमस्खलनांना त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्यांनी धक्का दिलेला असतो. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या उतारांवर हा दाणेदार थर आठवडेच्या आठवडे टिकतो.

म्हणून आधी उतार मोजा. असे पाटे बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. नकाशा १:५०,०००चा असेल, समोच्च रेषा ४० मीटरच्या आणि दर पाचवी ठळक असेल, तर दोन ठळक रेषांमधलं अंतर पट्टीने मोजा. सात मिलिमीटर म्हणजे ३० अंश, चार मिलिमीटर म्हणजे ४५. वाट या पट्ट्यातून जात असेल, किंवा त्याच्या खालून, तर दुसरी वाट शोधा. खालून जाणाऱ्यांचा विसर फार लवकर पडतो, पण सुटलेला बर्फ सपाटीवरही बराच पुढे येतो.

प्रत्यक्ष जागेवर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी चढाच्या दिशेने बर्फावर दाबून ठसा उमटवा. तिचं टोक ठशाच्या वरच्या टोकाशी टेकवून मूठ वर उचला आणि मुठीपासून दुसरी काठी सरळ खाली लोंबती धरा. लोंबत्या काठीचं टोक बर्फाला लागेपर्यंत पहिली काठी वर-खाली करा. ते टोक ठशाच्या खालच्या टोकावर आलं तर उतार ३० अंशांचा. त्याच्याही खाली गेलं तर जास्त. सव्वा मीटरच्या आतबाहेरच्या काठ्यांना दर दहा सेंटिमीटरला साधारण तीन अंश धरा.

आता सह्याद्रीतली एक सवय. वाट सापडेना की आपण नाळ, म्हणजे डोंगरातली उभी घळ, धरतो, कारण नाळ कुठेतरी नेऊन पोचवते. बर्फात हे उलटं आहे. नाळ ही वरच्या सगळ्या उतारांची गटारवाहिनी असते, आणि अर्धा मीटरचा सुटलेला थर तिच्यात दोन-तीन मीटर साचतो. चढायचं तर सोंडेवरून किंवा धारेवरून. धारेच्या वाऱ्याआडच्या बाजूला बर्फाचे छज्जे पुढे आलेले असतात, म्हणून कडेपासून बरंच आत राहा.

ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं भाड्याने घेणार आहोत. पुण्यात बर्फाशिवाय सराव होतो का? – सिंहगड रोड

उत्तम होतो. ट्रान्सीव्हर म्हणजे पुरलेल्या माणसाला शोधण्यासाठी सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं यंत्र. त्याला बर्फ कळत नाही, ४५७ किलोहर्ट्झचा सिग्नल कळतो. एक यंत्र 'सेंड'वर टाकून कापडी पिशवीत घाला आणि वेताळ टेकडीवर उच्चदाबाच्या तारांपासून लांब, पालापाचोळ्यात लपवा. लपवणाऱ्याने जागा सांगायची नाही. शोधणाऱ्याने यंत्रावरच्या बाणामागे पळत जायचं आणि अंतराचा आकडा तीन मीटरच्या खाली आला की यंत्र जमिनीलगत धरून सावकाश, न फिरवता, अधिक चिन्हासारखं पुढे-मागे, डावी-उजवीकडे न्यायचं. सर्वांत लहान आकड्याच्या जागी प्रोब, म्हणजे बर्फात खुपसायची लांब सळई, मग २५ सेंटिमीटरच्या अंतराने बाहेर सरकणारं वर्तुळ. प्रोब उताराला काटकोनात घालायची; लागली की काढायची नाही. खोदायला प्रोबच्या वर उभं राहू नका. पुरलेल्या खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरका आणि तिथून खणत आत शिरा.

घाई कशासाठी, तर पुरल्या गेलेल्यांची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत चांगली असते आणि त्यानंतर लगेच झपाट्याने ढासळते. खालून मदत येईपर्यंत ही मिनिटं गेलेली असतात. तेव्हा ट्रान्सीव्हर प्रत्येकाकडे हवा, आणि प्रोब-फावडंही प्रत्येकाकडे.

दोन चुका नेहमीच्या. मोबाइल त्याच खिशात ठेवणं: 'सेंड'ला २० सेंटिमीटर, शोधताना ५० सेंटिमीटर अंतर हवं. आणि चार्ज होणारे सेल टाकणं: यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेलेच टाका, बहुधा ते अल्कलाइन असतात. फावड्याचं पातं धातूचं घ्या. घट्ट झालेल्या ढिगाऱ्यात प्लास्टिकचं पातं वाकतं.

मायक्रोस्पाइक पुरतील की क्रॅम्पॉन? – निगडी

घट्ट पायवाटेवर आणि निसरड्या जंगलवाटेवर मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायच्या छोट्या दात्यांच्या साखळ्या. कडक बर्फाच्या उभ्या उतारावर, जिथे घसरलं तर थांबायला जागा नाही, तिथे बुटाला बांधायचे लांब दात्यांचे क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, दोन्ही. मऊ तळव्याच्या ट्रेकिंग बुटाला फक्त पट्ट्यांचे क्रॅम्पॉन चालतात. खाली बर्फ चिकटू न देणारी प्लेट नसेल तर दुपारच्या ओल्या बर्फात पायाला गोळे बांधले जातात आणि दाते जमिनीला लागतच नाहीत. आइस ॲक्सने स्वतःला थांबवणं फोटो पाहून येत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी हिमस्खलनाचा इशारा तिसऱ्या पातळीचा होता. आमचे लीडर म्हणाले, पाचपैकी तीन, म्हणजे मध्यम. बरोबर आहे का? – सदाशिव पेठ

त्यांना परीक्षेतले गुण आठवले असावेत. हिमस्खलनाचा धोका पाच पातळ्यांवर मोजतात, आणि तिसऱ्या पातळीला काही उतार एकट्या माणसाच्या वजनानेही सुटू शकतात. चौथ्या-पाचव्याला लोक घरीच बसतात. तिसऱ्याला निघतात, आणि तिथेच जीव जातात. आपल्याकडे डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिमालयातल्या भागांसाठी असे इशारे देते. पातळीसोबत कुठली उंची, कुठली दिशा तेही वाचा. इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या नाळेचा नसतो.

तिसऱ्या पातळीला ३० अंशांखालच्या, वर उभा उतार नसलेल्या वाटेने जाता येतं. त्याहून उभ्या वाटेवर नाही. एका दिवसात ३० सेंटिमीटर ताजा बर्फ पडला असेल किंवा जोराचा वारा झाला असेल, तर निदान एक-दोन दिवस खालीच थांबा. दाणेदार थर असेल तर तेही कमीच. वादळानंतरचा पहिला निळा दिवस फोटोसाठी सर्वांत चांगला आणि उतारासाठी सर्वांत वाईट. चालताना पायाखाली 'धुप्प' असा बसण्याचा आवाज आला किंवा पायाजवळून भेग पळाली, तर इशाऱ्याची पातळी कितीही असो, आल्या पावली परत.

बुकिंगच्या आधीच कंपनीला तीन गोष्टी विचारा: परत फिरायचं कोण ठरवतो, शिखर न करता परतलो तर काही पैसे कापता का, आणि राखीव दिवस किती. राखीव दिवस नसलेल्या ट्रेकमध्ये लीडरला थांबणं परवडत नाही.