नववीच्या मुलांना होलोकॉस्ट कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धाचा धडा घेताना 'हिटलरने साठ लाख ज्यूंना ठार केलं' हे वाक्य आलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण मॅडम, ज्यूंनी असं केलं तरी काय होतं?" त्यावर काय बोलावं ते तुम्हाला सुचलं नाही, आणि पुढच्या वर्षी हा भाग, म्हणजे होलोकॉस्ट (हिटलरच्या नाझी राजवटीने केलेला ज्यूंचा संहार), नीट शिकवायचा आहे.

मी नववी-दहावीला इतिहास शिकवतो. हा प्रश्न माझ्याही वर्गात येतो, आणि विचारणारं मूल खोडसाळ नसतं. ज्यू हा शब्द त्याच्या कानावर पहिल्यांदा पडतो तोच मारल्या गेलेल्यांच्या आकड्याबरोबर. एवढ्यांना मारलं म्हणजे काहीतरी कारण असणार, असा हिशोब ते मनातल्या मनात करतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की छळछावण्या शेवटी येऊ द्या. आधी ही माणसं जगत कशी होती ते शिकवा, आणि त्याला भरपूर वेळ द्या.

पोलंडची राजधानी वॉर्सापासून सुरुवात करा. १९३९ साली या शहरात साडेतीन लाखांहून जास्त ज्यू राहत होते, म्हणजे दर दहा माणसांमागे साधारण तीन. तिथे यानुश कोर्चाक नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. ते मुलांसाठी गोष्टी लिहायचे, रेडिओवर बोलायचे आणि ज्यू मुलांचा एक अनाथाश्रम चालवायचे. १९२६ मध्ये त्यांनी एका ज्यू दैनिकाबरोबर निघणारी मुलांची पुरवणी सुरू केली. ती दर शुक्रवारी यायची आणि मजकूर मुलांनीच पाठवायचा. तुमच्या वर्गाला विचारा, अशी पुरवणी आपल्या हातात असती तर तुम्ही कशावर लिहिलं असतं? येतील ती उत्तरं फळ्यावर लिहा: शिक्षकांच्या तक्रारी, भावंडांची भांडणं, मैत्रीण बोलत नाही. मग सांगा की वॉर्सातली मुलंही शाळेबद्दल, घराबद्दल, मित्रांबद्दलच लिहायची. या पुरवणीचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९ चा आहे. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. एवढं सांगून तास संपवा, लगेच पुढे जाऊ नका.

दुसऱ्या तासाला एकच गाव घ्या. मी आयशिशोक घेतो. आज हे गाव लिथुआनियात, विल्नियसच्या दक्षिणेला आहे. दोन युद्धांच्या मधल्या काळात ते पोलंडमध्ये होतं. याफा एलियाख या इतिहासकार इथल्याच. लहानपणी त्या कशाबशा वाचल्या, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्या आणि गावातून बाहेर पडलेल्या कुटुंबांकडून त्यांनी वर्षानुवर्षं गावचे जुने फोटो गोळा केले. त्यातल्या हजारभर फोटोंचा तीन मजली उंच मनोरा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात उभा आहे. त्या फोटोंमध्ये लग्नं आहेत, सायकली आहेत, कुटुंबं आहेत, कॅमेऱ्यासाठी खास कपडे घालून उभी राहिलेली मुलं आहेत. प्रत्येक गटाला एकेक फोटो द्या आणि फक्त बघायला सांगा. कोण कोणाचं कोण वाटतं? कपडे कसे आहेत? हा फोटो का काढला असेल? मुलं बराच वेळ बोलत राहतात.

त्यानंतर मी दुसरा कागद वाचतो. कार्ल येगर या एसएस (नाझींचं सशस्त्र दल) अधिकाऱ्याने १ डिसेंबर १९४१ रोजी वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात गावागावांतल्या कत्तलींचा तक्ता आहे. त्यात आयशिशोकच्या नावापुढे सप्टेंबर १९४१ मधल्या नोंदीत लिहिलंय: पुरुष ९८९, स्त्रिया १,६३६, मुलं ८२१, एकूण ३,४४६. गोळ्या घालणाऱ्यांत जर्मनांबरोबर स्थानिक लिथुआनियन माणसंही होती. हे सांगायला हवंच, कारण होलोकॉस्ट म्हणजे दूर कुठेतरी गॅस चेंबर, अशी मुलांची समजूत असते. लाखो ज्यू त्यांच्या स्वतःच्या गावाशेजारच्या खड्ड्यांत, ओळखीच्या रस्त्यांवरून चालत नेऊन मारले गेले.

सगळे ज्यू एकाच साच्यातले नव्हते हेही दाखवा, पण थोडक्यात. पूर्व युरोपातले बहुतेक जण यिद्दिश बोलायचे. ग्रीसमधल्या थेसालोनिकी बंदरातले ज्यू हमाल स्पॅनिशमधून आलेली लादिनो बोलायचे आणि त्यांच्यामुळे शनिवारी तिथलं बंदर एके काळी बंद असायचं. बर्लिनमधल्या कित्येक ज्यू घरांत धर्मापेक्षा जर्मन संगीताला मोठी जागा होती. व्हिएन्नाच्या हाकोआह या ज्यू क्लबने १९२५ साली ऑस्ट्रियाची फुटबॉल लीग जिंकली होती, हे ऐकून मागचे बाक हमखास पुढे सरकतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या: काहीही केलं नव्हतं. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यूंची संख्या सव्वापाच लाखांच्या आसपास होती, लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात लढले आणि १२ हजार मारले गेले. तरीही १९१८ च्या पराभवाचं खापर त्यांच्यावर फोडलं गेलं. येशूला यांनीच मारलं हा शतकानुशतकांचा आरोप होताच, त्यावर वंशशुद्धीच्या खोट्या शास्त्राचा मुलामा चढला. मुलांना सांगा, ज्यूंनी काय केलं हे विचारण्यापेक्षा हा द्वेष पसरवणाऱ्यांना त्यातून काय मिळत होतं ते विचारा. सत्ता मिळाली. शेजाऱ्याचं दुकान, घर आणि नोकरीही मिळाली.

नियमांचा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बर्लिनच्या बव्हेरियन वस्तीत १९९३ पासून दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या आहेत. प्रत्येकीवर एका बाजूला साधं चित्र आणि दुसऱ्या बाजूला ज्यूंवरचा एकेक नियम. ज्यूंना गायनमंडळांतून काढलं. खाण्याच्या वस्तू विकत घ्यायला फक्त दुपारी ४ ते ५. घरात पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढलं. असे दहा-बारा नियम चिठ्ठ्यांवर लिहून वर्गात वाटा. प्रत्येक चिठ्ठीबद्दल एकच विचारा: हा नियम प्रत्यक्षात कोणी अमलात आणला? हिटलर काही प्रत्येक शाळेत गेला नव्हता. हजेरीपटावरचं नाव मुख्याध्यापकाने खोडलं, गायकाला 'उद्यापासून येऊ नका' हे मंडळाच्या चिटणीसाने सांगितलं, घड्याळ बघून गिऱ्हाईक परत पाठवलं ते बेकरीवाल्याने. इथे वर्ग गप्प होतो. होऊ द्या, लगेच बोलून ती शांतता भरून काढू नका.

'पण हिटलर कडक होता, देश सुधारला' असं कोणीतरी म्हणेलच. आपल्याकडे त्याचं आत्मचरित्र फुटपाथवर मिळतं आणि मुलं ते व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी बघतात. रागावू नका, माहिती द्या. त्याच्या राजवटीने १९४०-४१ मध्ये सुमारे ७० हजार अपंग आणि मनोरुग्ण माणसांना गॅस देऊन मारलं. ती त्याच्याच देशातली, बहुतेक ख्रिस्ती जर्मन माणसं होती. कडक शिस्तीचं कौतुक करणाऱ्या मुलाच्या घरात एखादा अपंग भाऊ असू शकतो, म्हणून हे हळुवारपणे सांगा.

काही गोष्टी कृपा करून टाळा. प्रेतांचे फोटो दाखवू नका. ती माणसं कुणाची तरी आई-मुलं होती आणि तशा अवस्थेत दिसायला त्यांनी संमती दिली नव्हती. वर्गाचे 'ज्यू' आणि 'नाझी' असे दोन गट करून नाटक तर अजिबात नको. त्यातून मुलांना एकतर मजा वाटते नाहीतर कुणीतरी खरंच दुखावतं. 'मी छळछावणीतला कैदी' असा निबंधही नको.

मुलं आपणहून जातीचा विषय काढतील. वेगळं बसवणं, वेगळं पाणी, हे आपल्या गावांना सांगावं लागत नाही. बोलू द्या, पण दोन्ही इतिहास एकच आहेत असं म्हणू नका. प्रत्येकाची कारणं आणि काळ वेगळा, आणि तो तसाच शिकवायला हवा. आजच्या इस्राएल-गाझाबद्दल प्रश्न आला तर त्याला स्वतंत्र तास द्या. तो प्रश्न रास्त आहे, पण या तासात घुसवला तर दोन्ही विषय अर्धवट राहतात.

ज्यू म्हणजे कुणी परग्रहावरचे लोक वाटत असतील तर रायगडचे बेने इस्राएल सांगा. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. घरात मराठी बोलणारे. त्यांना या संहाराची झळ लागली नाही, हेही स्पष्ट करा. युरोपातून सुटून आलेलं माणूस हवं असेल तर वॉल्टर कॉफमन आहेत. हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीत पाश्चात्य संगीताचं काम बघू लागले. आकाशवाणीची सकाळची धून त्यांच्या नावावर आहे. मोबाइलवर ती वाजवा.

शेवटच्या तासाला कोर्चाकांकडे परत या. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्साच्या घेट्टोत (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत) त्यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर' हे नाटक केलं. चारच दिवसांनी घेट्टोतून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमातल्या सुमारे २०० मुलांना नेलं. कोर्चाकांना बाहेर काढायला लोक तयार होते. ते मुलांबरोबर गेले.

प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. वॉशिंग्टनचं संग्रहालय, जेरुसलेमचं याद वाशेम हे होलोकॉस्ट स्मारक आणि व्हिएन्नाची सेंट्रोपा यांच्या संकेतस्थळांवर फोटो फुकट बघायला मिळतात. सेंट्रोपाकडे वयस्कर ज्यूंनी स्वतः सांगितलेल्या घरच्या फोटोंच्या गोष्टी आहेत, तिथून सुरुवात करा. साध्या झेरॉक्सवर काम भागतं. फक्त प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल, जेवढं माहीत असेल तेवढं, स्वतःच्या हाताने लिहा.