खालच्या लीगमधल्या फुटबॉल क्लबने सीझन तिकीट (स्वतःच्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांचं एकच तिकीट) स्वस्त केलं तर फायदा होतो का?

होतो, पण स्टँड निम्म्याहून रिकामे असतील आणि विक्री सीझनच्या आधी झाली तरच. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड सिटीचंच बघा. तिसऱ्या स्तरावर असताना 2015-16 साठी त्यांनी सीझन तिकीट 149 पौंडांना काढलं आणि सुमारे 18 हजार विकली. त्यांचं मैदान मात्र 25 हजारांचं आहे, त्यामुळे एरवी रिकाम्या राहणाऱ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा क्लबला पडणारा खर्च जवळपास शून्य.

हिशेब सोपा आहे. समजा, घरचे 10 सामने, सुटं तिकीट 100 रुपये, सीझन तिकीट 800 वरून 400 वर आणलं. तेवढीच रक्कम गोळा करायला दुप्पट लोक हवेत. शिवाय सुटं तिकीट काढून सहा-सात सामने बघणारा पक्का प्रेक्षकही 400 मध्ये सुटतो, म्हणजे दुपटीनेही भागत नाही. ही तूट चहा-वडापाव, जर्सी आणि प्रायोजकांकडून निघते, आणि त्यासाठी माणूस प्रत्यक्ष यायला हवा. पण स्वस्तात घेतलेलं तिकीट अनेकदा घरीच पडून राहतं! म्हणून विक्रीचा आकडा मिरवू नका, गेटवरचं स्कॅनिंग मोजा आणि न येणाऱ्याला तिकीट मित्राला देण्याची मुभा ठेवा.

पुण्यात मात्र किंमत हा दुय्यम मुद्दा. बुधवारी दुपारी चारला बालेवाडीत सामना ठेवला, तर पेठेतला नोकरदार फुकटातही येणार नाही. आधी वेळ बदला, मग दर.