कोण जिंकेल ते सोड, दात बघ

प्रिय पोरी,

विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला तुझा तक्ता पाहिला. डावीकडे गॉब्लिन शार्क, उजवीकडे कॅपिबारा आणि खाली लाल अक्षरांत ‘कोण जिंकेल?’ अगं, एक जपानजवळच्या खोल समुद्रात सापडणारा, दुसरा दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठचा. यांची गाठ पडायची कुठे? खोड ते. लांबी, वजन, रंग हे रकानेही काढ. ते कुणीही भरतं. दोघांना एकच प्रश्न विचार : दात झिजले की काय करता?

कॅपिबारा गवत चरतो. गवतात सिलिका असते, तिने दात घासले जातात. म्हणून त्याचे पटाशीचे दातच काय, दाढासुद्धा जन्मभर वाढत राहतात. पटाशीच्या दाताला पुढून कठीण इनॅमल, मागे त्याहून मऊ डेंटिन. मागची बाजू लवकर झिजते, धार आपोआप लागते. वजन ६० किलो भरलं तरी खानदान उंदराचंच.

गॉब्लिन शार्कला चावत बसायचंच नसतं. पुढचे दात बारीक, लांब, टोकदार. निसटती शिकार धरून ठेवण्यापुरते. खाली अंधार, अन्न विरळ, आणि अंग असं सैल की पाठलाग जमत नाही. मग तो अख्खा जबडाच पुढे फेकतो, सेकंदाला ३.१ मीटर वेगाने! दात पडला की मागच्या रांगेतला त्याच्या जागी येतो. तक्त्याच्या मधोमध हे हवं.

पाण्याचं दोन ओळींत उरक. आपल्या सीना नदीत डुंबणारी म्हैस नाक-डोळे तेवढे वर ठेवते, तसंच कॅपिबाराचं. पाचेक मिनिटं बुडी मारेल, मग हवा लागतेच. शार्कला कल्ले आहेत. झालं.

आणि नेटवरचे फोटो चिकटवू नकोस. समुद्र लांब असला तरी सोलापुरात मासळी येते. मुशी, म्हणजे छोटा शार्कच, आली की विक्रेत्याकडून जबडा मागून घे. आतून बघ, पुढच्या दातांमागे पुढच्या खेपेचे दात रांगेने आडवे पडलेले दिसतील. कातडीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरव, पॉलिश पेपरच लागेल हाताला.

उंदीर पिंजऱ्यात सापडला तर जाळीबाहेरूनच बघ. दातांची पुढची बाजू पिवळट-नारिंगी, ते इनॅमल. हात लावू नकोस, लेप्टोची म्हणजे उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची भीती असते. आईलाही सांगून ठेव, नाहीतर ती पिंजरा आधीच रिकामा करेल.

तुझे,
सर