कोळशाची नोकरी घ्यावी, की रोख घेऊन सोलरचा धंदा करावा?

वणी तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय 29, आयटीआय वायरमन, लग्न झालेलं. वडिलांच्या नावची 0.91 हेक्टर, म्हणजे सव्वादोन एकर शेती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (कोल इंडियाची इथली कंपनी) खाणीत जाते आहे. जमिनीच्या मोबदल्याशिवाय दोनपैकी एक गोष्ट मिळेल: घरातल्या एकाला नोकरी किंवा नोकरीऐवजी एकरी 5 लाख रुपये. धाकटा भाऊ म्हणतो, "कोळसा संपत आला, सगळे पुढारी हरित ऊर्जेचंच बोलतात. रोख घेऊ आणि सोलर बसवण्याचं दुकान टाकू."

माझं मत स्पष्ट आहे. नोकरी घ्या. सोलरचा धंदा करा, पण तो या पैशावर नको.

आधी आकडा बघा. सव्वादोन एकराचे एकरी 5 लाखांनी 11 लाख 25 हजार होतात. 7 टक्के व्याज धरलं तर वर्षाला 78,750, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार. नोकरीत कपात जाऊन हातात 40 हजार येतात असं धरू. तेवढं व्याजातून हवं असेल तर सुमारे साडेअडुसष्ट लाखांची ठेव लागते. शिवाय नोकरीत कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन आहे, दवाखान्याची सोय आहे, आणि पगार कामगार संघटना व कंपनीत होणाऱ्या वेतन कराराप्रमाणे वाढतो. अकरावा करार 1 जुलै 2021 पासून पाच वर्षांचा होता. 11 लाख मात्र महागाईत झिजत जातात. जमिनीचा मोबदला दोन्ही पर्यायांत मिळणारच आहे. तो या हिशेबात मिसळू नका. बहुतेक घरांत नेमकी हीच गल्लत होते आणि रोख रक्कम उगाच मोठी वाटू लागते.

आता भावाच्या मुद्द्याकडे येऊ. भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. पण 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत ते जाहीर झालं, त्याच परिषदेत, भारत आणि चीनच्या आग्रहावरून, कोळशाबाबत 'बंद करणं' हे शब्द जाऊन 'कमी करत नेणं' आले. 2024-25 मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच 100 कोटी टनांच्या वर गेलं. म्हणजे तुमच्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कोळसा थांबणार नाही.

तरीही खाणीतल्या नोकऱ्या कमी झाल्या आहेत, आणि त्याचं कारण सोलर नव्हे. 2000 च्या सुमारास कोल इंडियात पाच लाखांहून जास्त कामगार होते, आज ते सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. याच काळात उत्पादन जवळपास तिप्पट झालं. भूमिगत खाणींच्या जागी खुल्या खाणी आल्या, मोठी यंत्रं आली, माती उपसण्याचं काम ठेकेदारांकडे गेलं. सभेत कोणी कोळसा विरुद्ध सूर्य असं मांडलं तर हे ध्यानात असू द्या. कायम कामगाराची जागा मुख्यतः ठेक्याने आणि यंत्राने खाल्ली. तुम्हाला मिळते आहे ती कायम जागा आहे आणि अशा जागा आता दुर्मीळ आहेत. म्हणूनच ती सोडू नका.

धोका आहे तो वेगळा. तुम्हाला 31 वर्षं नोकरी करायची आहे, आणि एका खुल्या खाणीचं आयुष्य त्याहून कमी असू शकतं. प्रकल्प अहवालात खाणीची वर्षं लिहिलेली असतात, ती विचारून घ्या. खाण संपली की बदली होते, मग ती उमरेडला असेल किंवा थेट मध्य प्रदेशातल्या पेंच-कान्हानला. म्हणून खाणीशेजारी कर्ज काढून मोठं घर बांधू नका.

सोलरचं काम खरं आहे, आणि हातांना काम देण्यात छतावरचं सोलर माळरानावरच्या मोठ्या प्रकल्पांच्या खूप पुढे आहे. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांच्या अभ्यासात छतावर दर मेगावॉटला सुमारे 25 मनुष्य-वर्षांचं (एका माणसाचं वर्षभराचं काम म्हणजे एक मनुष्य-वर्ष) काम निघालं, जमिनीवरच्या प्रकल्पात साडेतीन. पण धंद्यात पैसा कुठे अडकतो ते बघा. घराच्या छतावरच्या सोलरसाठी असलेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला मिळणारं 78,000 रुपयांचं अनुदान ग्राहकाच्या खात्यात जातं, तुमच्या नाही. एक संच 1 लाख 80 हजारांचा धरा. चार घरांचं काम एकदम चालू असेल आणि 40 टक्के आगाऊ मिळाले, तरी सव्वाचार लाखांहून जास्त अडकून पडतात. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) बसायला उशीर झाला की ते महिनोन्‌महिने सुटत नाहीत. पाच वर्षं देखभाल तुमच्याच गळ्यात. वायरीचा कनेक्टर नीट क्रिंप झाला नाही, म्हणजे घट्ट दाबून बसला नाही, तर तो तापून जळतो, अर्थिंग कच्चं राहिलं तर इन्व्हर्टर जातो, स्लॅबला भोकं पाडून पाणी गळलं तर घरमालक उरलेले पैसे देत नाही. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची धूळ पॅनेलवर बसते, दर पंधरवड्याला धुवावे लागतात. शिवाय योजना 2026-27 पर्यंतचीच आहे.

भावाला खरंच यात यायचं असेल तर त्याने आधी वर्षभर एखाद्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे काम करावं. मग मोबदल्यातून दीड-दोन लाख त्याला द्या, त्याहून जास्त नाही. धंदा त्याच्याच नावावर आणि त्याच्याच अंगावर असू द्या. कायम नोकरीत परवानगीशिवाय दुसरा धंदा केला तर तुमच्यावर कारवाई होऊ शकते.

मोबदल्यातले दोन लाख बचत खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवींत मोकळे ठेवा. ताबा गेल्यावर नियुक्तिपत्र यायला वेळ लागतो, आणि त्या काळात शेतीही नसते, पगारही नसतो. वडील साठीच्या पुढचे असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख टाका. 8.2 टक्के दर धरला तर दर तीन महिन्यांना 30,750 रुपये त्यांच्या हातात येतील. उरलेलं एकाच बँकेत ठेवू नका, कारण ठेव विमा एका बँकेत 5 लाखांपर्यंतच असतो.

नोकरी दोन एकरांना एक या हिशेबाने मिळते. दोन एकर म्हणजे सुमारे 0.81 हेक्टर, त्यामुळे 0.80 हेक्टर भरलं तरी ते किंचित कमीच पडतं. तुमचं क्षेत्र पुरेसं आहे, पण सातबाऱ्यातला पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेला भाग, धरला की वगळला हे संयुक्त मोजणीच्या वेळीच लेखी मागा. आजोबांचा वारस फेरफार राहिला असेल तर तो आधी करा. नोकरीसाठी तुमचं नाव देण्याला भावा-बहिणींची संमती प्रतिज्ञापत्रावर घ्या, आणि त्यात भावाला किती रक्कम मिळणार हेही लिहा. जुना सातबारा आणि संपादनाचे कागद जपून ठेवा. पुढे कधी शेती विकत घ्यायची झाली तर शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तेच दाखवावे लागतील. हे सगळं झाल्याशिवाय पर्यायाच्या अर्जावर वडिलांची सही होऊ देऊ नका.