मधुमेह आणि तोंडाचे अस्तर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मधुमेही वाचकांकडून तोंडाच्या तक्रारींविषयी येणाऱ्या पत्रांत दोन टोके सारखी दिसतात. काहींना तोंडाचा आणि साखरेचा काही संबंध आहे हेच मान्य नसते, तर काही जण तोंडातील प्रत्येक गोष्टीचे खापर साखरेवर फोडून मोकळे होतात. दुसऱ्या प्रकारची मला अधिक धास्ती वाटते.

प्रश्न : मधुमेहाने तोंडातील पेशींमध्ये नेमके काय बदलते?

गालाच्या आतील अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते. सर्वांत खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि साधारण दोन आठवड्यांत झडून जातात. त्वचेपेक्षा हे चक्र बरेच वेगवान असते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की ती प्रथिनांना चिकटते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची क्षमता उणावते आणि अनेकांत लाळही कमी होते, त्यामुळे एरवी आपोआप बुजणारी बारीकशी जखम रेंगाळते. मधुमेहींच्या गालातून खरवडून काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पेशीच्या आकारमानाच्या तुलनेत त्यांचे केंद्रक मोठे झालेले काही अभ्यासांत आढळले आहे. मात्र तंबाखू, लोहाची किंवा फॉलिक आम्लाची कमतरता आणि वाढते वय यांनीही केंद्रकाच्या आकारात फरक पडू शकतो, हे विसरू नये.

प्रश्न : मग गालातील पेशी तपासून मधुमेहाचे निदान करून घेता येईल का?

नाही. निदान रक्ततपासणीनेच होते.

प्रश्न : जीभ जळजळते आणि तिच्यावरचा पांढरा थर पुसला जातो. ओळखीच्यांनी दिलेले मलम लावत आहे, पण उपयोग नाही.

पुसल्यावर निघणारा आणि खाली लालसर जागा सोडणारा थर बहुधा कॅन्डिडा या बुरशीचा असतो. वाढलेली साखर आणि कोरडे तोंड तिला पोषक ठरतात. रात्रीही कवळी काढत नसाल तर ती सवय आधी सोडा. तोंड आल्यावर वापरण्याच्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते आणि त्याने बुरशी वाढते, म्हणून ज्यांनी तोंडात डोकावूनही पाहिलेले नाही त्यांच्या सांगण्यावरून औषध लावणे थांबवा. केवळ जळजळ असेल आणि आपण बरीच वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असाल, तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका.

प्रश्न : 'मधुमेहींसाठी खास' असे लिहिलेले माउथवॉश घ्यावे का?

बाटलीवरच्या 'खास' या शब्दाने साखर उतरत नाही आणि जखमही भरत नाही. अल्कोहोल असलेले द्रावण तर कोरडे तोंड आणखी कोरडे करते. कोणते घ्यावे आणि मुळात घ्यावे का, हे दंतवैद्याला विचारा.

प्रश्न : गालाच्या आत तीन महिन्यांपासून न दुखणारा व्रण आहे. बायोप्सी सुचवली आहे. परंतु साखर जास्त असल्याने जखम भरणार नाही, म्हणून साखर उतरेपर्यंत थांबावे असे घरचे म्हणतात.

थांबू नका. दाताची टोचणारी कड किंवा कवळीचा दाब यांसारखे कारण दूर केल्यावरही दोन आठवड्यांत न भरणारा व्रण तज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे, हा नियम मधुमेहींनाही तंतोतंत लागू आहे. 'साखरेमुळे भरत नसेल' हा तर्क चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे आणि म्हणूनच घातक आहे. साखरेने जखम भरण्यास उशीर होतो, पण मधुमेह आहे म्हणून कर्करोग होणार नाही अशी हमी मिळत नाही. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही, तेव्हा वेदना नसणे हा दिलासा समजू नका. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, हाताला कडक लागणारी कड, गळ्यातील गाठ, तोंड उघडण्यास अडचण यांपैकी काहीही असेल, तर निकड आणखी वाढते, आणि तंबाखूचे सेवन असेल तर अधिकच. बायोप्सीला अगदी लहानसा तुकडा पुरतो, जागा बधिर करून तो घेतात आणि आवश्यक तेथे टाके घालतात. साखर फारच चढलेली असेल, तर मधुमेहाचे डॉक्टर आणि तोंडाचे तज्ज्ञ आपसांत बोलून औषधे व वेळ ठरवतात. पण साखरेवर उपचार आणि व्रणाचा तपास ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी सुधारलेली दिसण्यास आणखी तीन महिने लागतील. तेवढी मुदत या व्रणाला देऊ नका. याच आठवड्यात वेळ घ्या आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.

प्रश्न : दात काढायला उपाशीपोटी जावे का?

केवळ जागा बधिर करून दात काढायचा असेल तर उपाशी जाऊ नका, कारण इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी घसरू शकते. त्या दिवशीच्या औषधांची मात्रा मात्र आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.